बटण कोपऱ्यात हवं

तुमच्याकडेही असे एक असतीलच. घरात शिरल्यावर माणसं सोडून ज्यांची नजर आधी कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीवर जाते, असे. आमच्याकडे हे खातं दाजींकडे आहे. ताईचे यजमान पडले, त्यामुळे ‘माउस सोडा’ असं त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही. गणपतीत आरतीला सगळे टाळ-झांजा घेऊन उभे आणि दाजींचा पत्ता नाही. शोधलं तर माझ्या मुलीच्या लॅपटॉपसमोर बसलेले. “दोन मिनिटं. पोरीचं बटण मध्ये आहे रे!”

विंडोज 11 आलं 2021 साली आणि स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून पट्टीच्या मध्यावर येऊन बसलं. लोकांनी पाहिलं, दोन दिवस कुरकुर केली आणि कामाला लागले. दाजींनी मात्र अजून ते मनातून काढलेलं नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथे ‘सेंटर’च्या जागी ‘लेफ्ट’ हा मार्ग ते झोपेतही म्हणू शकतात. म्हणतातच, असं ताई सांगते.

दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे, तोंडात कापूस, तरी बोट एक्स-रेच्या पडद्याकडे. डॉक्टरला वाटलं, दुखतंय. दाजींनी कापूस काढला आणि म्हणाले, “कोपऱ्यात हवं.” डॉक्टरने दाढ पुन्हा तपासली.

भाचीच्या कांदेपोह्यांना तर कहर झाला. मुलगा पुण्याचा, शिकलेला, निर्व्यसनी. कौतुकाने लॅपटॉप उघडून नव्या फ्लॅटचे फोटो दाखवायला लागला. सगळे फ्लॅट बघत होते, दाजी पट्टी. परतताना गाडीत ताईने विचारलं, “कसा वाटला?” दाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मुलगा चांगला आहे. पण बटण मध्ये ठेवतो.” लग्न झालं. आहेर म्हणून दाजींनी पाकीट दिलं आणि मांडवातच जावयाचा लॅपटॉप मागून घेतला.

वाद घालायला जाऊ नये, कारण दाजी पुराव्यानिशी बोलतात. 1954 साली पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम त्यांना पाठ आहे: गाठायची जागा जितकी लांब आणि जितकी लहान, तितका वेळ जास्त. कोपऱ्याची गंमत अशी की बाण तिथे अडतो. डोळे मिटून माउस ढकला, पोचलातच. मधल्या बटणावर नेम धरावा लागतो. त्यातून पट्टीवर आणखी एखादा प्रोग्रॅम उघडला की ते बटण जरा डावीकडे सरकतं. “पाहुणे आले म्हणून घराचा दरवाजा सरकतो का?” हे वाक्य ते पोळी मोडता मोडता टाकतात आणि समोरच्याचा घास अडकतो. चीड येते ती याची, की माणूस बरोबर आहे.

इतिहासही त्यांना तारीखवार येतो. 24 ऑगस्ट 1995, बटणाचा जन्म. 26 ऑक्टोबर 2012, म्हणजे विंडोज 8 आलं आणि बटणच गायब झालं. ही तारीख दाजी पानिपतासारखी उच्चारतात. त्या वर्षी त्यांनी अर्ध्या गल्लीला जुना मेन्यू परत आणणारं ‘क्लासिक शेल’ घालून दिलं. पुढल्या वर्षी 8.1 मध्ये बटण परतलं, पण मेन्यू नाही. तो 2015 साली विंडोज 10 बरोबर आला, तोही हलत्या-बदलत्या टाइल्स घेऊन. ‘क्लासिक शेल’च्या कर्त्याने 2017 च्या डिसेंबरात काम थांबवलं, तेव्हा दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. इतरांनी ते ‘ओपन-शेल’ या नावाने पुढे चालवलं, मग जेवले.

विंडोज 11 च्या मेन्यूतल्या ‘रेकमेंडेड’ या भागाशी तर त्यांचं उभं वैर. अलीकडे उघडलेल्या फायली तो कुणी न विचारता मांडून ठेवतो. “साहेब शेजारी उभे असताना मेन्यू उघडला आणि ‘राजीनामा_अंतिम_2’ वर आलं तर?” दाजी निवृत्त आहेत. साहेब नाहीत, राजीनामा द्यायला नोकरीही नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

एकदा मी वैतागून ताईला म्हणालो, “यांना दुसरं काही सुचत नाही का गं?” ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ह्यांची नोकरी बदल्यांची. चिपळूण, परांडा, पुसद, पार धडगाव. दर वेळी नवी खोली, नवा साहेब, टेबल खिडकीशी मिळेल की संडासाशी ते नशीब. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हापासून तेवढं एक बटण प्रत्येक गावी त्याच कोपऱ्यात असायचं.” मग तिने मला मेथीची अर्धी जुडी दिली आणि विषय संपला.

त्यानंतर एकदा दाजींचा स्वतःचा कॉम्प्युटर पाहायचा योग आला. मेन्यू असा लखलखीत, की हात लावायला भीती वाटावी. वर तीन फोल्डर. ‘रोज’मध्ये ब्राउझर आणि कॅल्क्युलेटर. ‘महिन्याने’मध्ये बँक आणि वीजबिल. तिसरं ‘कधीतरी’, आणि ते गच्च भरलेलं: आकाशातले तारे बघायला स्टेलॅरियम, त्रिमित चित्रांसाठी ब्लेंडर, स्वरलेखनासाठी म्यूजस्कोर, आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी. सगळी फुकट मिळणारी, सगळी वर्णानुक्रमे लावलेली, आणि एकही कधी उघडलेलं नाही. दाजींच्या घरी माळ्यावर पेटी आहे, हे मला माहीत होतं. ते वाजवायचे, हे ताईच्या लग्नाच्या वेळी ऐकलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही पटकन मेन्यू मिटला आणि माझ्या फोनकडे हात केला, “आयकॉन फार पसरलेत तुझे.”

परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन. मला वाटलं, कुणाला काही झालं.

“ऐक, ऑडॅसिटी ‘कधीतरी’तून काढून ‘रोज’मध्ये टाकलं.”

“अरे वा! पेटी काढली वाटतं? काय रेकॉर्ड केलंत?”

“छे, अजून कुठे! आधी आयकॉन तर जागेवर बसू दे.”