पाण्याचा थाट

गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवणाऱ्या चिरंजीवांना हल्ली साध्या पंख्यात कमीपणा वाटतो. ‘लिक्विड’च हवं! म्हणजे काय, तर प्रोसेसरची उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत वाहून नेणार. आणि तिथून ती उडवणार कोण? पंखेच. १२० मिलिमीटरचे तीन, रंगीबेरंगी दिव्यांसकट! शिवाय पंपावर एक इवलासा पडदा, तापमान मिरवायला. एअर कूलरचा पंखा गेला तर नवा बसवता येतो. इथे पंप गेला की बहुधा सगळं धूडच बदला. २५० वॅट ओढणारा प्रोसेसर असेल तर एकवेळ समजू शकतो. पण मे महिन्यात नागपुरातली खोली ४२ अंशांवर असेल, तर पाणी काय नि हवा काय, प्रोसेसरला ४१ वर कोणीच आणत नाही. एअर कूलर घेऊन उरलेल्या पैशांत वरचं ग्राफिक्स कार्ड बघ म्हटलं, तर चिरंजीव विचारतात, “त्याला पडदा आहे का?”