पडलेल्याला दहा टक्के सूट

चाकणच्या मोठ्या कारखान्यात कठडा न धरता जिना उतरून बघा. सेफ्टीवाला तिथल्या तिथे हटकतो. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 32 व्या कलमानं बजावूनच ठेवलं होतं, की पायऱ्या भक्कम हव्यात, त्यांवर पाय घसरेल असं काही नको आणि लागेल तिथे धरायला कठडा हवा.

तोच कामगार रविवारी बायकोमुलांना घेऊन पिंपरी कॅम्पात खरेदीला येतो. दुकानात बाण असतो, ‘एसी शोरूम वर आहे’. बाणाच्या टोकाला जिना. पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट, त्यावर नुकतंच मारलेलं ओलं फडकं. एका कडेला शर्टांची खोकी. दुसऱ्या कडेला कठडा असावा तिथे हँगरला टांगलेले गाऊन. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच, कारण पोटमाळा मागाहून काढलेला. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दुकानातली पायरी फार तर 15 सेंटिमीटर उंच आणि निदान 30 सेंटिमीटर रुंद हवी. इथे पाऊल आडवं टाकलं तरच मावतं.

मग कुणीतरी पडतं. आधी पाणी येतं, मग खुर्ची, मग उपदेश: “ताई, बघून चालायचं ना!” सेल्समन त्याहून हुशार. “चप्पल झिजलीय तुमची. नवी दाखवू?” निघताना मालक मोठ्या मनानं दहा टक्के सूट देतो आणि पडणारी बाई वरमून म्हणते, “माझंच लक्ष नव्हतं.” मनगटाचं प्लास्टर स्वखर्चानं.

आपल्याकडे याला नशीब म्हणतात. कायदा मात्र याला सेवेतली त्रुटी म्हणू शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची फी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे कुर्ता सहाशेचा आणि मागणी दोन लाखांची असली, तरी जिल्हा आयोगात दमडी भरावी लागत नाही. वकील हवाच असंही नाही. जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते, ऑनलाइनही करता येते.

‘जिन्याचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर’ ही पाटी बघून दचकू नका. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून 1998 साली पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. हॉटेलनं पावतीवरच्या अशाच ओळीकडे बोट दाखवलं. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं, की स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर अशी ओळ वाचवत नाही. ताब्यात दिलेली गाडी आणि चालतं गिऱ्हाईक यांचा कायदा थोडा निराळा, हे खरं. पण झेनला जी काळजी मिळते ती माणसाला नको, असं कुठला दुकानदार तोंड वर करून म्हणेल?

आता मेख. काही विकत न घेताच पडलात तर तुम्ही ग्राहकच नव्हता, असा युक्तिवाद होतो. मग दिवाणी दावा, त्याचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तारखा. इंग्लंडनं 1957 सालीच जागेच्या ताबेदाराची जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा नाही. आयोगानं निकाल द्यायची मुदत कायद्यात तीन महिने आहे. प्रत्यक्षात हाड आधी जुळतं.

म्हणून पडल्यावर लाजायचं सोडा आणि पुरावा गोळा करा. फडकं आणि खोकी हलायच्या आत फोटो काढा. पायरीला टेप लावा. डॉक्टरच्या कागदावर त्याच दिवशी ‘दुकानाच्या जिन्यावरून पडून’ असं लिहून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असं मालकाला लेखी कळवा, नाहीतर कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद निघतो. बुडालेल्या पगाराची स्लिप ठेवा. आणि बिल, मग ते रुमालाचं का असेना, फेकू नका.

तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. दुकानदाराच्या चहापाण्यात ती घालवू नका.