रंगवलेली मेहेरबानी

लंडनच्या बऱ्याच चौकांत सिग्नलपाशी रस्त्यावर दोन पांढऱ्या रेघा असतात. पहिली मोटारींनी थांबायची. तिच्यापुढे चार-पाच मीटरवर दुसरी, सायकलींनी थांबायची. मधल्या जागेत एक भलीमोठी पांढरी सायकल रंगवलेली. कुठेकुठे ही जागा लाल किंवा हिरवी करून तिचा मान आणखी वाढवलेला असतो. लाल दिवा असताना सायकलवाल्यांनी डाव्या कडेने पुढे यावं, मोटारींसमोर या चौकटीत उभं राहावं, सगळ्यांना दिसावं आणि सिग्नल सुटला की आधी निघावं, अशी योजना. ब्रिटनमध्ये ती १९८४ साली ऑक्सफर्डात पहिल्यांदा आखली गेली आणि पुढे देशभर पसरली. त्याबरोबरच या चौकटीत कोण कसा उभा राहतो यावरून सायकलवाल्याचं चारित्र्य तपासण्याचा छंदही पसरला. कोणी चौकट ओलांडून थेट पुढच्या रेघेपलीकडे जाऊन थांबतो, तो बेशिस्त. कोणी चौकटीत येतच नाही, एखाद्या व्हॅनच्या मागे गुमान उभा राहतो. तो बावळट, सरकारने दिलेलं घेता येत नाही. कोणी पाय न टेकवता, हँडल डावी-उजवीकडे हलवत सायकल जागच्या जागी तोलून धरतो, तो शिष्ट. माझ्या मते हे तिघेही हिशेबाला पक्के आहेत. हिशेब चुकला आहे तो चौकट आखणाऱ्यांचा. किंवा चुकलेलाही नाही. या चौकटीमुळे सायकलींना जागा दिल्याची नोंद दप्तरी होते आणि रस्त्यावर मोटारींची एक फूटसुद्धा जागा कमी होत नाही. इतक्या स्वस्तात इतकं पुण्य दुसऱ्या कुठल्या खात्याच्या पदरी पडत नसेल.

या सोयीची पहिली खुबी अशी की, ती फक्त लाल दिव्यात चालते. सायकलस्वार चौकात पोचला तेव्हा दिवा हिरवा असेल, तर चौकट त्याच्या चाकाखालून दोन सेकंदांत निघून जाते आणि त्याचं-मोटारींचं काय व्हायचं ते चौकटीविना होतं. म्हणजे वाहनं उभी असताना संरक्षण चालू आणि वाहनं धावू लागली की बंद. दुसरी खुबी चौकटीत शिरण्याची. शिरायचं ते डाव्या कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यातून. हा पट्टा बहुधा गटाराच्या जाळ्यांवरून जातो आणि ऐन गर्दीत एखाद्या बसच्या पोटाला घासतो. हा पट्टा बुजलेला असेल तर मोटारींच्या मधून किंवा उजवीकडून पुढे जावं, असं कोणालाही वाटेल. पण २०१६ पर्यंत तिथल्या नियमाची शब्दरचना अशी होती की, लाल दिव्यात पहिली रेघ त्या पट्ट्याखेरीज दुसरीकडून ओलांडणारा सायकलस्वारही गुन्हेगारच. स्वतःसाठी राखीव जागेत शिरताना सायकलस्वाराने कायदा मोडायचा आणि आत गेल्यावर कायदेशीर व्हायचं! २०१६ च्या नियमावलीने ही अट काढून टाकली आणि जाताजाता चौकटीची कमाल खोली पाच मीटरवरून साडेसात मीटर करायला परवानगी दिली. सोयीत खोट निघाली की सोय मोठी करायची, या सरकारी चिकित्सेला तिथेही तोटा नाही.

आता व्हॅनच्या मागे गुमान उभ्या राहणाऱ्या त्या ‘बावळटा’कडे वळू. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे ट्रकचं जवळचं वळण डावं. सायकलस्वार डाव्या पट्ट्यातून पुढे सरकतो आहे, अर्ध्या वाटेवर ट्रकच्या बाजूला पोचला आहे आणि तेवढ्यात सिग्नल सुटला, तर तो नेमका उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागी असतो आणि ट्रक त्याच्याच अंगावर वळतो. सिग्नल कधी सुटणार हे त्याला कळायला काही मार्ग नाही. समजा तो वेळेत चौकटीत पोचला, तरी जुन्या धाटणीच्या उंच ट्रकच्या अगदी नाकासमोर उभा राहिलेला माणूसही काचेतून दिसतोच असं नाही. हे लंडनच्या वाहतूक खात्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. २०१३-१४ च्या सुमारास शहरातल्या ट्रक-व्हॅनच्या पाठीवर स्टिकर झळकत होते, सायकलवाल्यांनो मागे राहा, डावीकडून पुढे जाऊ नका. एकाच शहरात रस्त्यावरचा रंग म्हणतो डावीकडून पुढे या आणि ट्रकची पाठ म्हणते डावीकडून खबरदार याल तर! २०१३ च्या नोव्हेंबरात दोन आठवड्यांत लंडनमध्ये सहा सायकलस्वार मेले, तेव्हा कुठे मोठ्या वाहनांकडे लोकांचं नीट लक्ष गेलं. ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे देण्याची आणि कमी ताऱ्यांच्या ट्रकना अडवण्याची पद्धत प्रत्यक्षात यायला २०२१ उजाडलं. या पार्श्वभूमीवर जो ट्रकच्या मागे थांबला त्याला बावळट म्हणायचं, आणि ट्रकच्या नाकासमोरून सटकून आणखी दोन मीटर पुढे, ड्रायव्हरला दिसेल अशा जागी जाऊन जो थांबला त्याला बेशिस्त म्हणायचं, हा न्याय मोटारीत बसूनच सुचू शकतो.

पुढे जाऊन थांबण्याला आणखी एक साधं कारण आहे. चौकटीत जागा नसते. लग्नाच्या हॉलमध्ये वरपक्षासाठी राखीव म्हणून पाटी लावावी आणि त्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते कोणीच बघू नये, तशी तिथली स्थिती असते. टॅक्सीचं नाक आत, डिलिव्हरी व्हॅनची पुढची दोन्ही चाकं रंगवलेल्या सायकलीच्या चाकांवर बरोब्बर टेकलेली, आणि मोटारसायकलवाले तर पूर्ण आत, कारण चाकं त्यांनाही दोनच. लाल दिव्यात पहिली रेघ ओलांडणाऱ्या मोटारचालकाला तिथे शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट आहेत. पण पहिली रेघ ओलांडून गेल्यावर दिवा लाल झाला, तर कायदा स्वतःच सांगतो की आता दुसऱ्या रेघेशी थांबा, चौकटीत असलात तरी. त्यामुळे चौकटीत उभी असलेली प्रत्येक गाडी दिवा हिरवा असतानाच आत आलेली असते. तिचा चालक तसं शपथेवर सांगेल. पावती फाडायची तर चाक रेघेवरून जातानाचा क्षण आणि दिव्याचा रंग, दोन्हींचा पुरावा हवा. पुण्याच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे दुचाकींची चौकट झेब्रा क्रॉसिंगवरच असते, ती रंगवण्याचा खर्चसुद्धा कोणाला करावा लागत नाही.

इथे आक्षेप ठरलेला असतो: सायकलवाले तरी कुठे सिग्नल पाळतात? लंडनच्या वाहतूक खात्याने २००७ साली पाच ठिकाणी साडेसात हजारांच्या आसपास सायकलस्वार मोजले. शंभरातले चौऱ्याऐंशी लाल दिव्याला थांबले, सोळा गेले. सोळा कमी नाहीत, आणि हिरवा दिवा पाहून रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंच्या अंगावर सायकल घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. त्याला पन्नास पौंडांचा दंड आहे, तो वसूल करावा. पण चौकात फक्त सोळाच दिसतात आणि चौऱ्याऐंशींची बातमी होत नाही, हा नजरेचा दोष आहे. शिवाय सिग्नल तोडून चौक पार करणारा आणि रेघेपुढे दोन मीटर जाऊन हिरव्याची वाट पाहणारा हे दोघे एकाच पोत्यात भरले जातात. दुसरी रेघ ओलांडली म्हणून कायद्यापुढे दोघेही दोषी, हे मान्य. पण पहिल्याला चौक लवकर पार करायचा असतो आणि दुसऱ्याला तो जिवंत पार करायचा असतो. पॅरिसने तर काही सिग्नलवर पाटी लावून, पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन, लाल दिव्यातही सायकलींना उजवीकडे वळायला मुभा दिली आहे. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे हे त्यांचं जवळचं वळण. जे ब्रिटिश सायकलस्वाराला सगळ्यात महागात पडतं, तेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: काहीच नसण्यापेक्षा चौकट बरी. बरोबर आहे. लाल दिवा लांबलचक असेल, पट्टा मोकळा असेल आणि मागे ट्रक नसेल, तर मोटारींच्या धुरात उभं राहण्यापेक्षा त्यांच्या समोर उभं राहणं केव्हाही चांगलं, आणि उजवीकडे वळणाऱ्याला तर तिचा खरा उपयोग आहे. अडचण अशी की ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे एकदा मिळालं की त्यापुढचं मागणारा हावरट ठरतो. पुढचं म्हणजे काय ते लंडनला माहीत होतं. बो इथल्या चौकात सायकलस्वारांचे बळी गेल्यावर २०१२ साली सायकलींना मोटारींच्या काही सेकंद आधी सोडणारा सिग्नल बसवला गेला. थेम्सच्या काठाने तर सायकलींसाठी दगडी कठडा घालून वेगळा मार्ग बांधला आणि त्याला स्वतःचे सिग्नल दिले. तो २०१६ साली खुला झाला. तिथे मोटारींपुढे जाऊन उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही, सायकलवाले आपल्या दिव्याखाली आपल्या रेघेमागे रांगेत थांबतात. पण या मार्गासाठी मोटारींची एक लेन खरोखरच गेली. रंगाच्या चौकटी वर्षानुवर्षं चाकांखाली घेणाऱ्या टॅक्सीचालकांच्या संघटनेला तेव्हा नियोजनाचे नियम आठवले आणि ती उच्च न्यायालयात गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला.