पहिलटकर

आमच्या शेजारच्या काकांना कुठल्याही गोष्टीचं नाव सांगा, ते आधी विचारणार, "पहिली का?" दुसरी असली की विषय संपला. खाडीपूल म्हणजे त्यांच्या लेखी १९७३चाच. पुढे दुसरा झाला, आता तिसराही झाला. पण वाशीहून मानखुर्दकडे निघालं की काका बसच्या खिडकीतून त्या जुन्या पुलाकडे दहाव्याला आल्यासारखे बघतात. मुंबईची जॅझ यात्रा म्हणजे १९७८ची, सॉनी रॉलिन्स आला होता ती. त्यानंतर आले ते नुसते यात्रेकरू.

या पहिलेपणाच्या देव्हाऱ्यात मधोमध बसलेली मूर्ती म्हणजे 'फोरप्ले' या चौकडीचा १९९१चा पहिला अल्बम. बँडचं नावही तेच, अल्बमचं नावही तेच. सीडी रिदम हाऊसमधून आणलेली. ते दुकान २०१६ साली बंद झाल्यापासून काका ती दोन्ही हातांनी धरतात. पाहुण्याला दाखवताना, त्याने काही विचारायच्या आत, "चार जणांचं वादन या अर्थी, बरं का! स्पेलिंग बघा," असा खुलासा होतो. पाहुण्याच्या मनात तोवर काही नसतं, खुलाशानंतर येतं.

पियानो आणि कीबोर्डवर बॉब जेम्स, गिटारवर ली रिटनॉर, बेसवर नेथन ईस्ट, ड्रम्सवर हार्वी मेसन. ही नावं काका आरतीच्या चालीत घेतात. बिलबोर्डच्या काँटेम्पररी जॅझच्या यादीत हा अल्बम ३३ आठवडे अव्वल होता, हेही लगेच येतं. मी एकदा म्हणालो, "त्यातलं एल डीबार्जने गायलेलं गाणं छान आहे." तर म्हणाले, "ते मार्विन गेचं. म्हणजे मुळात दुसऱ्यांदा." पुढे १९९८ साली रिटनॉरच्या जागी लॅरी कार्लटन आला, त्याबद्दल मात्र ते बोलत नाहीत. घरातलं कुणी पळून गेलं की जुनी माणसं बोलत नसत, तसं.

खरं सांगायचं तर हे संगीत ऐकायला फार गोड आहे. स्मूद जॅझच ते. कुठे खडा लागत नाही, कुठे ठेच लागत नाही, चौघंही इतके तयारीचे की कुणाला घाम आल्याचा आवाज येत नाही. काकू त्याला "मॉलच्या लिफ्टमधलं" म्हणतात. आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा ती सोय काकांनी करून दिली आहे असं मी मानतो. संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम लागतो, नेमका तिथेच नेथन ईस्टचा बेस भेटतो. बरं वाटतं.

पुनर्विकासाच्या सभेत सगळे चटईक्षेत्राचा हिशेब करत होते. काका उठून म्हणाले, "ही वाशीतली पहिल्या खेपेची इमारत आहे." सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच पाडायची आहे, काका."

त्या सभेनंतर काका फारच खचले, म्हणून त्यांना जरा खुलवावं, अशा सद्हेतूने मी एक चूक केली. म्हटलं, "काका, पहिला अल्बम खरा, पण माणसं कुठे पहिलटकर होती? बॉब जेम्सचा 'वन' १९७४चा. हार्वी मेसन त्याच्याही आधी हर्बी हँकॉकच्या 'हेड हंटर्स'वर वाजवून बसलेला. आणि हे चौघं जमले ते तर १९९०च्या 'ग्रँड पियानो कॅनियन'मध्ये, बॉब जेम्सच्या. तिथे सूर जुळले म्हणून हा बँड निघाला."

काकांनी हातातली सीडी खाली ठेवली. एका हाताने.

पंधरा दिवस जिना मुका होता. मला दुसऱ्या मजल्यावर दम लागायचा आणि भेटायचं कुणीच नाही. काकूंनी दोनदा विचारलं, "काय बोललास रे त्यांना?"

सोळाव्या दिवशी पुन्हा पियानो ऐकू आला. माणसं तीच वाटली, पण तुकडा ओळखीचा नव्हता. दार उघडंच होतं. काका आत टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते, चेहऱ्यावर पूर्वीचं तेज.

"ये, बस. ग्रँड पियानो कॅनियन! हे खरं बघ. 'फोरप्ले' ठीक आहे रे, पण तोवर ते जरा बिघडलेच होते."