मुक्काम शांघायला, पत्ता केमनचा

'हानटिंग' हॉटेलांच्या स्वस्त खोल्या चालवणारा 'हुआझू' समूह २०१० साली अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारावर गेला, २०२० साली हाँगकाँगच्या बाजारातही. मुख्यालय शांघायला, नोंदणी केमन बेटांवर. कारभाराच्या नियमांबाबत अमेरिकी बाजार परदेशी कंपन्यांना मायदेशाची रीत पाळण्याची मुभा देतो. इथे मायदेश म्हणजे केमन!

वार्षिक अहवालात नफा दोन ओळींत उरकतो, जोखमींची जंत्री मात्र पानंच्या पानं: साथ येईल, सरकार नियम बदलेल, लेखापरीक्षकांची तपासणी अडली तर अमेरिकी बाजारातून गच्छंती होईल. म्हणजे उद्या काहीही बिनसलं, तरी 'आधीच सांगितलं होतं' म्हणायला कंपनी मोकळी.

चिनी पाहुण्याला मात्र काउंटरवर ओळखपत्र दाखवल्याशिवाय खोलीची किल्ली मिळत नाही. त्यावर घराचा पत्ता असतो.