बागेत काम चालेल, झोप चालणार नाही

इंग्लंडात घरामागच्या बागेत एक लाकडी खोपटे असतेच. गवत कापायचे यंत्र, गंजलेले फावडे, तळाशी रंग सुकलेले डबे आणि रविवारी दुपारी घरकामातून अंग काढून घेतलेले यजमान, एवढा ऐवज त्यात मावतो. 23 मार्च 2020 रोजी तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला घरी बसायला सांगितले आणि या खोपट्याचे नशीब उघडले. फावडे बाहेर आले, लॅपटॉप आत गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला मुलांची शाळा, दुसऱ्या टोकाला आईची मीटिंग आणि टेबलाखाली कुत्रा, असे काही आठवडे काढल्यावर मध्यमवर्गाला साक्षात्कार झाला की घरून काम करायचे तर आधी घराबाहेर पडले पाहिजे.

मग तयार खोल्यांचे ट्रक गल्लोगल्ली फिरू लागले. जमिनीत लोखंडी स्क्रू पिळायचे, त्यावर खोली बसवायची, भिंतीत थंडी अडवणारा थर, बाहेरून सीडारच्या फळ्या, समोर घडीची काचेची दारे, आणि घरापासून तिथपर्यंत मातीखालून चिलखती केबल. सकाळी वीस पावले चालून कामाला जायचे आणि संध्याकाळी तेवढीच चालून परत यायचे, यासाठी मोटारीएवढा खर्च.

परंपरा मात्र थोर आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची एयट सेंट लॉरेन्स गावातली झोपडी फिरत्या बैठकीवर होती. ढकलली की उन्हाकडे तोंड करी. तिचे नाव त्यांनी ‘लंडन’ ठेवले होते. नको असलेला पाहुणा आला की ‘साहेब लंडनला आहेत’ असे सांगणाऱ्याला खोटेपणाचे पाप लागत नसे. व्हर्जिनिया वुल्फ बागेतल्या खोपट्यात लिहायला बसल्या की वरच्या माळ्यावर यजमान सफरचंदे निवडायला घेत. पुढे त्यांची लिहायची खोली बागेच्या टोकाला, चर्चच्या भिंतीलगत गेली. रोआल्ड डाल ग्रेट मिसेंडनच्या झोपडीत जुन्या खुर्चीवर बसून, मांडीवर फळी घेऊन, थंडीत स्लीपिंग बॅगेत पाय घालून लिहीत. ही स्लीपिंग बॅग वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

या पंगतीत 2017 साली डेव्हिड कॅमेरॉन येऊन बसले. ब्रेक्झिटचा कौल मागून, तो अंगाशी आल्यावर पंतप्रधानपद सोडलेल्या या गृहस्थांनी आत्मचरित्रासाठी बागेत चाकांवरची मेंढपाळी खोली आणवली. किंमत सुमारे 25 हजार पौंड. आत शेगडी, भिंतीत मेंढीची लोकर. एवढ्या पैशांत अख्खा कळप आला असता, पण मेंढ्या माणसाला स्वतःविषयी सातशे पाने लिहू देत नाहीत. पुस्तक 2019 च्या सप्टेंबरात आले. तोवर ब्रेक्झिटचा घोळ निस्तरता निस्तरता थेरेसा मे यांचेही पंतप्रधानपद गेले होते.

आता नियम. खोली बागेच्या हद्दीपासून 2 मीटरच्या आत असेल तर उंची 2.5 मीटरपुढे जाता कामा नये. लांब सरकलात तर दुपाखी छपराला 4 मीटर, बाकी छपरांना 3. मूळ घराभोवतालच्या जागेपैकी निम्म्याहून अधिक बांधकामाखाली जाऊ नये. आणि मूळ घर म्हणजे 1 जुलै 1948 रोजी जसे उभे होते तसे, किंवा त्यानंतरचे असेल तर पहिल्यांदा बांधले तसे. सिरिल रॅडक्लिफ यांना पंजाब आणि बंगालची फाळणी आखायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. स्वतःच्या परसाच्या बाबतीत साहेबाने अशी घाई केलेली दिसत नाही. हे नियम पाळले की साध्या घराला नगररचनेची वेगळी परवानगी सहसा लागत नाही.

कर खाते तर त्याहून प्रेमळ. साथीच्या काळात घरून काम करणाऱ्याला आठवड्याला 6 पौंडांच्या खर्चावर सूट मिळे. 20 टक्के कर भरणाऱ्याच्या हातात त्यातून वर्षाला 62 पौंड 40 पेन्स पडत. या हिशेबाने कॅमेरॉन यांची खोली फेडायला 400 वर्षे लागतील. उलट, खोली फक्त धंद्यासाठीच वापरली तर घर विकताना तेवढ्या भागाच्या नफ्यावर कर लागू शकतो. म्हणून जाणते हिशेबनीस कोपऱ्यात व्यायामाची सायकल ठेवायला सांगतात. सायकल चालवलीच पाहिजे असे ते म्हणत नाहीत.

2022 साली याच जॉन्सन यांनी तक्रार केली की घरून काम करणारा माणूस सारखा फ्रिजकडे जातो, चीजचा तुकडा कापतो आणि परत येईतो काय करत होतो हे विसरतो. ही तक्रार पंतप्रधानांनी करावी, ज्यांचे घर आणि कचेरी डाउनिंग स्ट्रीटवर एकमेकांना खेटून होती! बागेतल्या कचेरीने फ्रिज लांब गेला खरा, पण लोकांनी तिथे छोटा फ्रिज नेऊन ठेवला.

राहिले झोपेचे कलम. 15 चौरस मीटरपर्यंतच्या खोलीला बांधकाम नियमांतून सहसा सूट असते, पण तिथे झोपण्याची सोय नसेल तरच. कचेरी चालते, व्यायामशाळा चालते, खासगी दारूचा गुत्ताही चालतो. खाट टाकलीत की फाइल उघडते. डाल यांच्या स्लीपिंग बॅगेत नुसते पाय होते, म्हणून ते साहित्यिक ठरले.

कलमाची गरज मात्र खरी आहे. घरमालक अशा खोपट्यांत स्थलांतरित मजुरांना कोंबून भाडे उकळत होते. 2013 मध्ये लंडनजवळच्या स्लाउच्या कौन्सिलने उष्णता टिपणारे कॅमेरे लावून विमान गावावरून फिरवले आणि परसातली सुमारे 6 हजार संशयास्पद बांधकामे हेरली. सात वर्षांनी तशाच परसांत तशाच खोल्या अभिमानाने उभ्या राहिल्या. विमानातून पाहिले तर शेगडीने तापलेली खोली आणि दाटीवाटीने निजलेल्या माणसांनी तापलेली खोली सारखीच लाल दिसते. फरक गिऱ्हाइकाच्या पगारात आहे.

स्लाउ आणि रीडिंगच्या पट्ट्यात मराठी सॉफ्टवेअरवालेही राहतात, आणि त्यांचे आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. तेव्हा ‘त्यांची सोय बागेतल्या खोलीत करू, हीटर आहेच’ हा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांना विनंती, तो तिथेच सोडावा. लॅपटॉप बागेत जाऊ द्या, आईबाबांना घरातली खोली द्या. फीत घेऊन हद्दीपासूनचे अंतर मोजा आणि बांधकाम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला काढून ठेवा. घर विकताना गिऱ्हाइकाचा वकील तो मागू शकतो.