किरकोळ तक्रारींची नोंदवही

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय चालवणं अवघड आहे, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कुलूप उघडायचं, मांजरा नदीच्या वाळूच्या गाड्यांनी रात्रभर उडवलेली धूळ झटकायची, पेपर मांडायचे, झालं. पुस्तकांचा तर त्रासच नाही. ती कपाटातून फारशी हलत नाहीत. त्रास पेपरचा आहे.

पेपर येतो तेव्हा अखंड असतो. नऊच्या आत त्याच्या वाटण्या होतात. एकाकडे राशिभविष्य, दुसऱ्याकडे सोयाबीनचे भाव, तिसऱ्याकडे निधनवार्ता. पहिलं पान ज्याच्या वाट्याला येतं तो ते वाचत नाही. त्याच्यावर चष्मा ठेवून तो उरलेल्यांना राजकारण समजावून सांगतो. शब्दकोडं पेनानं सोडवलेलं असतं, तेही चुकीचं, आणि उभा शब्द चुकल्यामुळे आडवा अडला की सोडवणारा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. ग्रंथपालाला चार अक्षरी शब्द माहीत असलाच पाहिजे, अशी गावाची समजूत आहे. वर्तमानपत्रांची कुपनांची योजना सुरू झाली की पानाला खिडकी पडते. खिडकीच्या मागच्या बाजूला जी बातमी असते ती अर्धीच कळते, म्हणजे मंत्री काय म्हणाले ते कळतं, पण कशाबद्दल म्हणाले ते कळत नाही. यात फार नुकसान होतं असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीची मुलं बसतात. पुस्तकं त्यांची, बाटल्या त्यांच्या, चार्जर त्यांचे. आमचा फक्त पंखा, आणि तो सावकाश फिरतो ही त्यांची तक्रार. वर्गणीचा विषय काढला तर उत्तर तयार असतं: “सर, आम्ही पुस्तक कुठं नेतो? मग वर्गणी कामून?” यात तर्काची चूक काढता येत नाही. मुलं निवडली जातात, त्यांचा सत्कार होतो, भाषणात आजी-आजोबांपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले जातात. वाचनालयाचं नाव राहून जातं. पंख्याचं बहुधा लक्षात असतं.

15 ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. प्रमुख पाहुणे येतात आणि आजकाल कुणी वाचत नाही हे तासभर सांगतात. ते ऐकायला सभागृह भरलेलं दिसावं म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना वाचन थांबवून पुढच्या रांगेत बसवावं लागतं. चहानंतर पाहुणे कपाटांकडे पाहून “वा, बरीच पुस्तकं आहेत की” असं म्हणतात आणि सभासद न होता निघून जातात.

‘मृत्युंजय’ 1967 साली आलं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमही त्याच वर्षीचा. आमच्याकडे यातला अधिनियम जागेवर आहे. कादंबरीची प्रत एका सभासदाकडे आहे, आणि विचारलं की तो न लाजता सांगतो, “घरचे वाचायलेत.” घरच्यांचं वाचन इतकं सावकाश आहे की मधल्या काळात त्या घरात दोन सुना आल्या. आता त्याही वाचत असतील. दिवाळी अंकांचं बरं असतं. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस अंक होळीपर्यंत का होईना परत करतो. फक्त पाककृतींची पानं घरी ठेवून घेतो.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा ग्रंथालयशास्त्रवाल्या डॉ. रंगनाथन यांचा एक नियम आहे. 1931 साली तो लिहिताना त्यांच्यासमोर स्थानिक कवी नसावा. आमचे कवी संग्रहाच्या पाच प्रती भेट देतात, फोटो काढतात, आणि मग दर महिन्याला देवघेव नोंदवही चाळायला येतात. आपल्या संग्रहापुढे कुणाचंही नाव नाही हे पाहून त्यांचा चेहरा जो पडतो, तो मला बघवत नाही. म्हणून अधूनमधून एक प्रत मी माझ्याच नावावर काढतो. नोंदवहीनुसार बिलोलीत कवितेचा सर्वांत मोठा रसिक मीच आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी याबद्दल माझं कौतुकही केलं.

तपासणीबद्दल तक्रार नाही. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, हजेरी, कीर्द, खतावणी सगळं लिहून ठेवावंच लागतं. ग्रंथ, सभासद, नियतकालिकं यांच्या मापानं ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. 2012 मध्ये सरकारी अनुदान पन्नास टक्के वाढलं, तेव्हा सगळ्यांत खालच्या ड वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये झाले. त्यानंतरची वाढ 2022 मध्ये, साठ टक्क्यांची. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार रुपये झाले. त्यात ग्रंथपाल, जागा, वीज, पेपर आणि पुस्तकं. ग्रंथपालानं जेवण घरूनच करून यावं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण हिशेबात गृहीत धरलेलं दिसतं.

येसगीचा पूल ओलांडून तेलंगणात सालूरा, बोधनकडे गेलं की गंमत कळते. तिकडे जुन्या आंध्राचा 1960 चा ग्रंथालय कायदा चालतो, आणि त्यानुसार घरपट्टीच्या रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर म्हणून घेतले जातात. उपकराचा पैसा ग्रंथालयापर्यंत वेळेवर पोचतो की नाही यावर तिकडेही भांडणं आहेत, पण तत्त्व पाहा: ज्यानं उभ्या आयुष्यात पुस्तक हातात धरलं नाही, तोही घरपट्टी भरताना वाचनालय पोसतो. आमच्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे इकडे न वाचणारा काही देत नाही, आणि त्याचं पाहून वाचणाराही देत नाही. आपल्या सीमाभागातली काही गावं तेलंगणात जाऊ म्हणतात, त्यांच्या मागण्यांत पाणी, वीज, रस्ते असतात. उपकराचा मुद्दा मी त्यांना एकदा सुचवला. घरपट्टी वाढेल म्हटल्यावर विषय बदलला.

परवा एक गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले, “सर, वाचनालय बंद पडू देऊ नका बरं. गावाची शान आहे.” मी म्हटलं, हाव, मग सभासद व्हा. ते म्हणाले, “आमचं काय, आम्ही पेपर वाचून जातो.” आणि सोयाबीनच्या भावाचं पान घडी करून खिशात घालून निघाले.

वर्गणी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात स्वीकारली जाते. सुट्टे पैसे आणावेत. पान परत आणलं तरी चालेल.